श्रीयुत पॉइंट नाइन यांना खुले पत्र

श्रीयुत पॉइंट नाइन,
मुक्काम पोस्ट रेकॉर्ड रूम,
सातारा, कराड, विटा, सांगली, मिरज.

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. तुमच्यासाठी तो लिहायला हात उचलत नाही, तेव्हा सरळ आरोपावर येते.

पण आधी वाचकांना तुमची ओळख करून द्यायला हवी. तुम्ही त्यांच्या घरातल्या कुणाच्या तरी कागदावर बसून गेला असाल आणि त्यांना पत्ताही नसेल. मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या दवाखान्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली आहे. तुमचा चेहरा मला पाठ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक आजाराला, इजेला आणि मृत्यूच्या कारणाला एक सांकेतिक क्रमांक ठरवून दिला आहे. त्या वर्गीकरणाला आयसीडी म्हणतात. त्याची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अकरावी २०२२ पासून लागू झाली असली तरी आपल्याकडच्या फायलींवर दिसते ती दहावीच. क्रमांकाची घडण सोपी आहे : एक इंग्रजी अक्षर, दोन आकडे, टिंब आणि टिंबापुढे आणखी एक आकडा. ए आणि बी संसर्गजन्य रोगांची, सी कर्करोगाचं, ई मधुमेहासारख्या विकारांचं, आय हृदय आणि रक्ताभिसरणाचं, जे श्वसनाचं. टिंबापुढचा आकडा नेमका प्रकार सांगतो. प्रकार सांगता येत नसेल तर बहुतेक ठिकाणी तिथे नऊ लिहितात. ते नऊ म्हणजे तुम्ही. न्यूमोनिया आहे पण कशाचा ते ठाऊक नाही, जे १८.९. जुलाब-उलट्या आहेत पण मूळ ठाऊक नाही, ए ०९.९. इजा झाली पण कुठे आणि कसली ते ठाऊक नाही, टी १४.९.

तुमची नेमणूक मुळात रास्त कारणासाठी झाली होती. रस्त्यावर बेशुद्ध सापडलेला, नाव-गाव माहीत नसलेला माणूस दवाखान्यात आणल्यावर अर्ध्या तासात जातो, तेव्हा खोटं नेमकेपण लिहिण्यापेक्षा तुम्ही बरे. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिणं हा प्रामाणिकपणा आहे. तुमचा गुन्हा दुसराच. केस पेपरवर सगळं लिहिलेलं असताना, नातेवाइकांनी सांगितलेलं असताना, लॅबचा रिपोर्ट फायलीला टाचलेला असतानाही तुम्ही तिथे जाऊन बसता. पुस्तक उघडायला पाच मिनिटं लागतात, तुम्हाला तीन सेकंद पुरतात. एवढ्यावरच तुमचं राज्य चाललं आहे.

आता एक माणूस घ्या. शिराळा तालुक्यातला म्हणा किंवा पाटण खोऱ्यातला. ऊसतोडणीच्या दिवसांत खोपटात जमिनीवर झोपलेला. रात्री मण्यार चावते. मण्यारीच्या चाव्याची खूण बऱ्याचदा दिसतही नाही, सूज नसते, ठणका नसतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, जीभ वळत नाही, मग श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. घरचे त्याला जीपमध्ये घालून आणतात. डॉक्टर लक्षणं ओळखतात, प्रतिविष लावतात, केस पेपरवर मण्यारीचा दंश असं लिहितात. माणूस वाचत नाही. आणि मृत्यूच्या कारणाच्या ओळीवर येतं : कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. हृदय आणि श्वास बंद पडला.

तो तर प्रत्येकाचाच पडतो. जगात आजवर मेलेल्या एकाही माणसाचं हृदय चालू राहिलेलं नाही.

हे कारण ज्या कागदावर लिहितात तो फॉर्म ४. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखाली दवाखान्यातल्या मृत्यूसाठी तो भरायचा असतो. त्याच कागदावर छापलेलं आहे की मृत्यू ज्यामुळे आला तो आजार किंवा ती इजा लिहा, हृदय बंद पडणं यासारखा मरणाचा प्रकार लिहू नका. ती छापील ओळ आणि तिच्या शेजारी पेनानं लिहिलेलं कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, असे कागद मी गठ्ठ्यांनी पाहिले आहेत. त्या फॉर्मच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटी काय झालं, त्याखाली ते कशामुळे झालं, सगळ्यात खाली हे सगळं जिथून सुरू झालं ते. मण्यारीच्या माणसासाठी ते असं लिहायचं : श्वसनक्रिया बंद, विषामुळे श्वासाचे स्नायू लुळे, राहत्या जागी झोपेत मण्यारीचा दंश. तळातली ओळ हीच मृत्यूचं मूळ कारण, आणि मोजदादीत क्रमांक पडतो तो तिचा. तळाची ओळ कोरी राहिली की पुढे कोड लावणारा कुठल्याही टेबलावर बसलेला असो, त्याच्या हाती नऊराव, तुम्हीच उरता. आय ४६.९. हृदयक्रिया बंद, तपशील नाही.

पुस्तक उघडलं असतं तर काय मिळालं असतं? विषारी साप आणि सरड्यांचा संपर्क, एक्स २०. टिंबापुढे जागेचा आकडा. घरात असेल तर शून्य, शेतात असेल तर सात, आणि जागा ठाऊक नसेल तर पुन्हा तुम्ही, नऊ. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या एका आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तालुक्यात एक्स २०.० जास्त असतील तर खाट आणि मच्छरदाणी वाटायला हवी, खोपटातल्या माणसाला जमिनीवरून उचलायला हवं. एक्स २०.७ जास्त असतील तर गमबूट आणि बॅटरी हवी, रात्रीच्या पाण्याच्या पाळ्यांचा विचार व्हायला हवा. सगळेच एक्स २०.९ असतील तर काहीच ठरवता येत नाही. आणि आय ४६.९ असतील तर त्या तालुक्यात साप चावतो हेच कुणाला कळत नाही. नऊराव, तुम्हाला अंथरूण आणि उसाचा फड यांतला फरक कळतो का?

हा फरक कळला नाही की देशाचा हिशेब कसा चुकतो, तेही सांगते. मिलियन डेथ स्टडी नावाच्या पाहणीत दवाखान्याचे कागद बाजूला ठेवून घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारली गेली. तिच्या आधारे २००५ या एका वर्षात भारतात सर्पदंशानं सुमारे ४६,००० माणसं गेली असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदींतला आकडा याच्या कितीतरी पट खाली होता. उरलेली माणसं अंधश्रद्धेपायी दवाखान्यात आलीच नाहीत असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आलेल्यांचीही नोंद कुठे धड झाली? शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंश अधिसूचित आजार करायला सांगितलं. म्हणजे प्रत्येक दंश कळवायचा. तो कळवला जाणार कागदावरून, आणि त्या कागदावर तुम्ही ठाण मांडलेलं.

त्या मण्यारीच्या माणसाच्या घरी काय होतं ते मी खिडकीच्या आतून पाहिलेलं आहे. राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस अपघातानं गेला तर दोन लाख रुपये मिळतात आणि सर्पदंश त्या अपघातांत मोडतो. बायको कागद घेऊन तालुका कृषी कार्यालयात जाते. तिथे विचारतात, साप चावला म्हणता, मग दवाखान्याच्या कागदावर हृदयविकार कसा? ती आमच्या खिडकीशी येते. साहेब सुट्टीवर असतात, फाइल सापडत नाही, सापडली तर दुरुस्तीला सही मिळत नाही. एका एसटीच्या तिकिटाचे पैसे जमवायला तिला काय करावं लागतं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. तुम्ही तिथे लिहिले जाऊन मोकळे झालेले असता.

तुम्हाला बोलावणाऱ्या हातांपैकी एक फार आधुनिक आहे. त्याला पुस्तक नको असतं, त्याच्याकडे मोबाइल असतो. गूगलवर आजाराचं नाव टाकायचं आणि पहिला येईल तो क्रमांक उचलायचा. तो पहिला क्रमांक बहुतेक वेळा अमेरिकेचा असतो. अमेरिकेनं आयसीडी-१० वर आपला स्वतंत्र विस्तार बांधला आहे, टिंबापुढे तीन-चार आकडे आणि अक्षरं. जागतिक पुस्तकात सापाच्या विषाला एकच क्रमांक आहे, टी ६३.०. अमेरिकन यादीत तिथे सापांच्या जाती येतात आणि त्यांत पहिला नंबर रॅटलस्नेकचा लागतो. नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्याच्या रुग्णाला अमेरिकेच्या वाळवंटातला साप चावल्याची नोंद, दोन बोटांच्या घाईत, सहज होऊ शकते. भारतात रॅटलस्नेक नाही. हे कळायला पुस्तकही लागत नाही, पण निदान कोणत्या देशाची यादी आपल्यासमोर उघडली आहे एवढं तरी वाचावं लागतं.

तुमच्याविषयीची सगळ्यात वाईट गोष्ट मात्र मधुमेहाच्या पानावर आहे. इतर ठिकाणी तुम्ही नुसते गप्प असता, तिथे तुम्ही धडधडीत खोटं बोलता. मधुमेहात टिंबापुढच्या नऊचा अर्थ तपशील माहीत नाही असा होत नाही. तिथे नऊ म्हणजे कसलीही गुंतागुंत नाही. ई ११.९ म्हणजे प्रौढपणीचा मधुमेह, बाकी काही नाही. मूत्रपिंडावर परिणाम असेल तर ई ११.२, डोळ्यांवर असेल तर ई ११.३, नसांवर असेल तर ई ११.४, पायाच्या रक्तवाहिन्यांवर असेल तर ई ११.५. आता एखादा साठीचा माणूस पायाचं बोट काळं पडलं म्हणून मिरजेला येतो, अंगठा काढावा लागतो, आणि डिस्चार्जच्या फायलीवर ई ११.९ चढतो. ज्याचा अंगठा गेला त्याला सरकारदरबारी काही झालेलंच नाही. त्या कागदावर तो ठणठणीत मधुमेही आहे.

इथेच पुस्तक कसं वापरायचं ते सांगते, कारण नव्या पोरांना ते कुणी शिकवत नाही. आयसीडी-१० चे तीन खंड आहेत. पहिल्यात क्रमांकांची यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अक्षरवार सूची. सुरुवात तिसऱ्यापासून करायची. रुग्णाला गँगरीन झालं आहे, तर सूचीत गँगरीन काढायचं. शब्दाखाली पोटशब्द असतात, त्यांत मधुमेहाचं गँगरीन शोधायचं. तिथे लिहिलेलं असतं की मधुमेहाच्या क्रमांकाला पाचचा चौथा आकडा लावा. एवढ्यावर थांबायचं नाही. पहिल्या खंडात जाऊन तो क्रमांक आणि त्याच्याखालच्या टिपा वाचायच्या. हे न करता नुसतं गँगरीन बघून कुणी आर ०२ लावायला गेला, तर त्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे की मधुमेहामुळे झालेलं गँगरीन इथे घालू नका, तिकडे जा. वगळण्याच्या टिपा पुस्तकात याचसाठी आहेत. सूचीत बघायचं आणि यादीत पडताळायचं. मग फाइल परत चाळायची, आणि तरीही शंका असेल तर वॉर्डात जाऊन डॉक्टरांना विचारायचं. स्वतःच्या मनानं निदान करायचं नाही.

विचारायचं यावर मी अडून बसते, कारण फाइलवरची आद्याक्षरं माणसाला फसवतात. एमआय लिहिलेलं असतं. ते हृदयविकाराचा झटका असेल तर आय २१, हृदयाची मायट्रल झडप गळत असेल तर आय ३४.०. एमएस म्हणजे मायट्रल झडप आकसणं असेल तर आय ०५.०, मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर जी ३५, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूचा आजार, छातीशी संबंधच नाही. पुस्तक इथे काही करू शकत नाही. वॉर्डात उठून जाणारे पायच हवेत. रेकॉर्ड रूममधल्या माणसाला डॉक्टरांना प्रश्न विचारायची भीती वाटते आणि डॉक्टरांना तो प्रश्न म्हणजे आगाऊपणा वाटतो. या दोघांमधल्या पोकळीत तुम्ही आरामात राहता.

आणि पुस्तक म्हणजे कपाटात वर्षानुवर्षं पडलेली झेरॉक्स नव्हे. जागतिक आरोग्य संघटना दहाव्या आवृत्तीत वेळोवेळी दुरुस्त्या करत आली आहे. डेंग्यूचंच बघा. जुन्या पुस्तकात ए ९० आणि ए ९१ असे दोन क्रमांक होते. ते काढून ए ९७ आला आणि त्यात धोक्याची लक्षणं नसलेला, असलेला आणि गंभीर असे भाग पडले. दुरुस्त पुस्तक संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. शोधाची खिडकी आहे, टिपा आहेत, सगळं आहे. पैसे नाहीत ही सबब इथे चालत नाही.

विम्याचं आता विस्तारानं सांगत नाही. दवाखान्यानं भरायच्या क्लेम फॉर्मच्या दुसऱ्या भागात मुख्य निदान, जोडीची निदानं आणि आधीचे आजार या सगळ्यांसाठी आयसीडी-१० च्या क्रमांकांचे रकाने असतात. डिस्चार्ज कार्डावर एक आणि रकान्यात दुसरं असलं की कंपनीकडून शंकेचं पत्र येतं आणि रुग्णाचा मुलगा कामावर खाडा करून खेटे घालत बसतो. हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना मी काय वेगळं सांगणार.

२०२१ चा उन्हाळा मात्र विसरता येत नाही. दुसऱ्या लाटेत साताऱ्यात आणि सांगलीत खाटा मिळत नव्हत्या, ऑक्सिजनसाठी लोक रात्ररात्र फिरत होते. कोविडचा क्रमांक ठरलेला होता : चाचणीनं पक्कं झालं तर यू ०७.१, चाचणीनं पक्कं झालं नाही पण लक्षणांवरून तेच तर यू ०७.२. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्येच सूचना काढून सांगितलं होतं की श्वसन बंद पडणं हे मूळ कारण म्हणून लिहू नका, कोविड तळाच्या ओळीत लिहा. तरीही न्यूमोनिया, श्वसन बंद, हृदय बंद असे कागद निघाले. पुढे कुटुंबांना पन्नास हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं तेव्हा हे कागद आडवे आले. सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगावं लागलं की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून कुणाला अनुदान नाकारू नका, आणि तक्रारींसाठी जिल्ह्याजिल्ह्यात समित्या बसवाव्या लागल्या. घरातलं माणूस गेल्यावर ते कशानं गेलं हे पुन्हा सिद्ध करत फिरायची वेळ लोकांवर आली. नुसत्या एका ओळीसाठी.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच उलटली. आयसीडीत नाव उलटून बुडणं व्ही ९०, पुराचा बळी एक्स ३८, पाण्यात पडून बुडणं डब्ल्यू ७०, आणि कसा बुडाला ते माहीत नाही असं म्हणायचं असेल तर डब्ल्यू ७४. कुठला लागतो ते टिपा वाचून ठरवायचं. नाव असेल तर लाइफ जॅकेट आणि किती माणसं चढवायची याची शिस्त हवी, पूर असेल तर लोकांना आधी हलवायला हवं. डब्ल्यू ७४ लिहिलं की कुणालाच काही करावं लागत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावर साताऱ्यापासून कराडपर्यंत रस्ता ओलांडताना गेलेला पायी माणूस व्ही ०१ ते व्ही ०९ मध्ये येतो, दुचाकीवाला व्ही २० ते व्ही २९ मध्ये. भुयारी मार्ग कुठे हवा ते या आकड्यांवरून कळू शकतं. अपघात, तपशील नाही, एवढं लिहिलं की कळत नाही.

कारणं नीट लिहावीत ही काही आज निघालेली टूम नाही. या यादीचं मूळ १८९३ चं. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी त्या वर्षी शिकागोत मांडली. त्याच सुमारास, १८९४ मध्ये, डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशनचा दवाखाना उभा केला आणि पुढे मिरजेला वैद्यकीची पेठ म्हणून जो लौकिक आला त्याची पायाभरणी झाली. आणि १८९७ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता प्लेगनं गेल्या. आज आपण हे सांगू शकतो, कारण प्लेग हा शब्द नोंदला गेला. त्या कशानं गेल्या यातच त्या कशा जगल्या ते आलेलं आहे. तिथे कुणी हृदयक्रिया बंद असं लिहून ठेवलं असतं तर काय उरलं असतं?

आता तुम्हाला पोसणाऱ्यांबद्दल. फॉर्म ४ सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे येतो, तो रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला भरला जातो, आणि तो भरायचा कसा हे कुणी एक तास बसून शिकवलेलं नसतं. त्या डॉक्टरवर माझा राग नाही. राग आहे तो ज्यांच्या हातात ते शिकवणं आहे त्यांच्यावर. खासगी दवाखान्यांत कोडिंगचं काम बिलिंगच्या पोराकडे टाकतात, कारण त्याच्यासमोर संगणक आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये आजाराची पहिली तीन अक्षरं टाकली की यादी उघडते आणि पहिल्या ओळीवर टिचकी मारली की काम झालं. ज्यानं ती यादी बनवली त्यानंही तुम्हाला वरच्या बाजूला बसवलेलं असतं. रेकॉर्ड रूम तळघरात, पायऱ्यांखाली किंवा शवागाराला लागून असते, आणि दवाखान्याच्या खर्चात काटछाट करायची झाली की पहिली कात्री तिथल्या माणसावर चालते. सातारा-सांगलीत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मोठी रुग्णालयं आहेत, परगावाहून रुग्ण येतात. इथे प्रत्येक मोठ्या दवाखान्यात शिकलेला कोडर असायलाच हवा, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं हे डॉक्टरच्या कामाचाच भाग मानलं जायला हवं.

देशभरात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालं होतं. शंभरात तेवीससुद्धा नाहीत. आणि त्या मूठभरांतही तुम्ही हात मारता. ज्यांचं कारण कुणी डॉक्टरनं लिहिलंच नाही त्यांचं एक वेळ समजू शकते. ज्यांच्या उशाशी डॉक्टर होता, ज्यांच्या रक्ताचे रिपोर्ट होते, ज्यांच्या घरच्यांनी साप मारून पिशवीत घालून आणला होता, त्यांचं कारण लिहायला काय हरकत होती?

तुम्हाला हाकलून द्यावं असं मी म्हणत नाही. तुमची जागा पुस्तकात आहे, ती राहू दे. पण यापुढे जिथे तुम्ही लिहिले जाल तिथे फायलीत एक ओळ असावी की तपशील का मिळाला नाही, आणि त्या ओळीखाली कुणाची तरी सही असावी. ती सही करायला कुणी तयार नसेल तर तुम्हीही तिथे नसावं.

आणि वाचकहो, शेवटचं तुमच्याशी. घरातल्या कुणाचा मृत्यू झाला की ग्रामपंचायत किंवा नगरपालिका जो दाखला देते त्यावर कारण नसतं. कारण असतं ते डॉक्टरांनी भरलेल्या फॉर्मवर. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, तीही फुकट. ती मागून घ्या. घाईत असाल, रडत असाल, तरी बरोबरच्या कुणाला तरी मागायला सांगा. आणि पहिल्या भागातली सगळ्यात खालची ओळ वाचा. तिथे हृदयक्रिया बंद एवढंच लिहिलं असेल तर कागद तिथेच परत द्या आणि विचारा, कशामुळे?